साताऱ्या-सांगलीवरून गेलेल्या विमानांची नोंद कोण ठेवणार?

प्रति,
कार्यकारी संपादक व सचिव,
दर्शनिका विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई



विनंती आधी सांगतो, कारणे मागून. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या गॅझेटिअरची पुढची आवृत्ती किंवा पुरवणी काढाल, तेव्हा दुसऱ्या महायुद्धापासून १९६० च्या दशकापर्यंत या दोन जिल्ह्यांच्या आजच्या हद्दीत झालेल्या विमान अपघातांची शोधून, ताडून पाहिलेली यादी तिच्यात द्या. नोंदी किती निघतील ते निघोत. प्रत्येकीपुढे तारीख, ठिकाण, विमानाचा प्रकार, मृतांची नावे आणि मूळ कागद कोणत्या दप्तरात आहे, एवढे असले तरी पुरे.

तुमच्याच विभागाला का लिहितो, तर गावागावांतली बारीकसारीक नोंद घेण्याची सवय तुमच्या घराण्याला आहे. साताऱ्याचा पहिला खंड १८८५ सालचा. त्यातले घाट, नद्यांवरचे उतार, आठवडी बाजार, किल्ल्यांवरची टाकी वाचून आजही लोक डोंगर चढतात. सुधारित सातारा १९६३ ला आला, सांगली १९६९ ला. जमिनीवरून जाणारी वाट कुणी ना कुणी टिपून ठेवली. डोक्यावरून जाणारी वाट मात्र आपण कुणीच आपली मानली नाही.

ती वाट युद्धात गजबजली. बंगळुरूचा हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० च्या डिसेंबरात निघाला आणि १९४३ पासून अमेरिकी हवाई दलाचा मोठा दुरुस्ती तळ झाला. बेळगावजवळ सांबऱ्याला १९४२ मध्ये धावपट्टी झाली, पुण्यात लोहगाव आधीच होते. नकाशावर लोहगाव, सांबरा आणि बंगळुरू एका रेघेने जोडून पाहा. रेघ आमच्या माथ्यावरून जाते. त्या काळच्या वैमानिकाला आजची साधने नव्हती. ढग दाटले की खाली उतरून नदी किंवा रेल्वेचा रूळ शोधायचा, हा धोपटमार्ग होता. कृष्णेच्या खोऱ्यात तो निभावतो. पश्चिमेकडे थोडे सरकलात, तर महाबळेश्वरचे पठार साडेचार हजार फुटांच्या घरात आहे, आणि पावसाळ्यात ते दिवसाढवळ्याही दिसत नाही.

सह्याद्री विमानाचे काय करतो याचा सर्वांत नीट कागदावर आलेला पुरावा पुणे जिल्ह्यातला आहे. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अलितालिया कंपनीचे डीसी-८ जेट सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. ते जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे ३६०० फुटांवर आदळले. विमानातले ९४ जण, सगळेच गेले. मुंबई तिथून नैर्ऋत्येला सुमारे ८४ किलोमीटर, म्हणजे जेटला दहा-बारा मिनिटांची वाट राहिली होती. चौकशीत कारण निघाले ते असे: आपण मुंबईच्या प्रत्यक्षात आहोत त्याहून जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला. त्या समजुतीवर त्याने वेळेआधी उतरायला सुरुवात केली. आपण नक्की कुठे आहोत हे ताडून पाहण्याची साधने हाताशी होती, ती वापरली गेली नाहीत. त्या टापूत ज्याच्या खाली यायचे नाही ती किमान उंची मोडली गेली. आणि खालचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

या शेवटच्या कारणापाशी मी अडकतो. आमच्या गुराख्याला ठाऊक असलेला डोंगर जगभर उडणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हता, म्हणून ९४ जीव गेले. डोंगर कुठे आणि किती उंच, हे लिहून ठेवणे तर गॅझेटिअरचे पहिले काम. 

त्याआधी, १२ जुलै १९४९ ला केएलएमचे कॉन्स्टेलेशन घाटकोपरच्या टेकडीवर आपटले होते. ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते, त्यांतलेच एक पुलित्झर पारितोषिक मिळवलेले निकरबॉकर. टेकडी जेमतेम पावणेसातशे फुटांची. दोन्ही अपघात जुलैतले, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

परदेशी कंपनी, नामांकित प्रवासी, मुंबईची वर्तमानपत्रे, म्हणून या दोन्ही घटना कागदावर टिकल्या. आमच्याकडची गोष्ट वेगळी. युद्धकाळात लष्करी विमान पडले, तर बातमीवर सेन्सॉर. त्यात १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिलेले. नाना पाटलांच्या माणसांमागे धावणाऱ्या पोलिसांच्या दप्तरात कोसळलेल्या विमानाला किती जागा मिळाली असेल?

आणि दप्तर तरी कोणते? तुमच्या संशोधकाची खरी दमछाक इथे होईल. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात, शेजारचा तासगाव तालुका ब्रिटिश साताऱ्यात. सांगली, मिरज, जत आणि फलटण ही संस्थाने वेगळी. १९४८ मध्ये ती विलीन झाली, १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० च्या नोव्हेंबरात दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. एकाच शिवारातला १९४४ चा पंचनामा औंधच्या कागदांत असेल, १९५२ चा दक्षिण साताऱ्याच्या आणि १९६१ चा सांगलीच्या. संस्थानी कागद पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत शोधावे लागतील. लष्करी कागदांसाठी लंडन आणि वॉशिंग्टनला पत्रे लिहावी लागतील. पोलीस ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरचे काय झाले, हे कारकुनाने ते कोणत्या वर्गात टाकले होते त्यावर ठरणार. ‘अ’ वर्गातला कागद कायम राहतो, ‘ड’ वर्गातला लवकरच रद्दीत जातो.

एक धागा पुण्यात हाताशी आहे. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची कायमची निगा राखता येणार नव्हती, तिथून त्या उचलून एकत्र आणल्या. रांगेत जाऊन एक दगड पाहा. वर हवाई दलाचे गरुडचिन्ह, खाली सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख आणि बहुधा वय. घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ तळाशी असते. माणूस कुठे मेला, हे मात्र दगडावर नाही. त्या तारखा घेऊन उलटे चालत आमच्या डोंगरांपर्यंत यायचे, असा हा शोध आहे. हवाई दलाची चिन्हे असलेल्या दगडांची तारीखवार यादी करायला तुम्हाला सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

माणसे शोधणे त्याहून अवघड. कोयनेच्या शिवसागराखाली आणि चांदोलीच्या जलाशयाखाली गावे गेली. जंगल राखण्यासाठीही वस्त्या उठल्या. डोंगर जागच्या जागी राहिला, त्याला ओळखणारी माणसे सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. उद्या एखादी आजी ‘लढाईच्या वक्ताला आमच्या सड्यावर इमान पडलं हुतं’ म्हणाली, तर ती आमच्या जिल्ह्यात नव्हे, धरणग्रस्तांच्या एखाद्या दूरच्या वसाहतीत बसून म्हणेल. म्हणून साताऱ्याची पुरवणी करताना साताऱ्याबाहेर जायची तयारी ठेवा. आजीच्या शब्दावर लगेच शिक्कामोर्तब करा, असे म्हणत नाही. तिचे म्हणणे टिपा, मग तारखेशी आणि कागदाशी ताडून पाहा.

अब्राहम वाल्ड हा संख्याशास्त्रज्ञ अशा शोधाला उपयोगी पडेल. युद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत ते पाहून तिथेच पत्रा जाड करू नका, असा त्याच्या मांडणीचा रोख होता. जी परतली नाहीत ती कुठे लागून पडली, याचा हिशोब धरा. टिकलेल्या कागदांवरून इतिहास लिहिणाऱ्या आपल्या सर्वांना हे लागू आहे. दैव असे की १३ डिसेंबर १९५० ला हाच वाल्ड पत्नीसह नीलगिरीत एअर इंडियाच्या विमान अपघातात गेला.

अवशेषांचे काय करायचे, हेही ठरवावे लागेल. माँ ब्लाँवर एअर इंडियाची दोन विमाने पडली: १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’, ४८ मृत, १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’, ११७ मृत, त्यांत डॉ. होमी भाभा. २०१२ मध्ये हिमनदीतून १९६६ च्या विमानातली राजनैतिक टपालाची थैली वर आली, ती भारतीय वकिलातीकडे गेली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत दिली आणि २०२१ मध्ये त्याला व शामोनी गावाला निम्मी-निम्मी रत्ने मिळाली. आमच्याकडे अॅल्युमिनियमचा पत्रा सापडला तर तो भंगारवाल्याकडे जाईल, आणि देणाऱ्याला दोषही देता येणार नाही. कुठे द्यायचा, हे त्याला कुणी सांगितले आहे?

कायदा आड येत नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालील नियमांप्रमाणे केंद्र सरकारचे तीस वर्षांपूर्वीचे, पुराभिलेखागारात जमा झालेले कागद संशोधनाला खुले असतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) ने वीस वर्षांपूर्वीच्या घटनांवरची बहुतेक बंधने उठतात. नागरी विमानांच्या जुन्या चौकशी अहवालांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला मी एकट्याने अर्ज करण्यापेक्षा तुमच्या विभागाचे एक पत्र जास्त वजनाचे ठरेल.

तूर्त एवढेच करा. दोन्ही जिल्ह्यांत एकेक टेबल नेमून द्या, जिथे जुने छायाचित्र, पत्रे, पत्र्याचा तुकडा किंवा सांगितलेली आठवण घेतली जाईल आणि तिची पोच मिळेल. ते टेबल जिल्हाधिकारी कार्यालयात असेल की सरकारी वस्तुसंग्रहालयात, ते कळवा. पोच पावतीचा नमुना तयार केलात, तर तो मराठीत आणि मोठ्या अक्षरांत ठेवा. येणारी बहुतेक मंडळी ऐंशीच्या पुढची असतील.

कळावे,
आपला,
कृष्णाकाठचा एक वाचक