मराठी संकेतस्थळांच्या उंबरठ्यावरचे नवागत

जुन्याजाणत्यांची शिस्त आणि नव्यांची उमेद यांत मेळ बसला नाही, तर आंतरजालावरची मराठी ठरावीक लोकांपुरतीच उरेल. परभणीसारख्या जिल्ह्यांना या प्रश्नाची झळ अधिक बसते.

परभणीत १९९५ साली ६८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला, स्वतः गिरणीत राबलेला आणि शाळेत शिपाई म्हणून काम केलेला हा कवी साहित्याच्या प्रस्थापित पंगतीत बाहेरून येऊन बसला होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने देशातील महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मराठी मंडळींच्या पुढाकाराने 'मायबोली' हे संकेतस्थळ उभे राहिले. जुने कोण, नवे कोण आणि नव्याला आत घ्यायचे ते कोणत्या अटींवर, हा संमेलनाच्या मांडवातला वाद तेव्हापासून आंतरजालावरही सुरू झाला. तो अद्याप मिटलेला नाही.

या प्रश्नाकडे संगणकप्रेमींची आपसातली कुरबूर म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. मराठीत माहिती शोधणाऱ्याला जे सापडते, त्यातला मोठा भाग अशाच स्वयंसेवी समूहांनी लिहिलेला आहे. त्यांच्यात कोण टिकते आणि कोण पहिल्याच आठवड्यात निघून जाते, यावर कोणत्या गावाची, कोणत्या बोलीची आणि कोणत्या अनुभवाची नोंद होणार हे ठरत असते.

एका घरातून दुसरे घर

मराठी संकेतस्थळांचा इतिहास हा घर फुटून नवे घर वसण्याचा इतिहास आहे. 'मायबोली'नंतर २००४ मध्ये 'मनोगत' आले. शुद्धलेखनाचा आग्रह ही त्याची ओळख होती. लेखन तपासण्यासाठी 'शुद्धिचिकित्सक' ही सोयही तेथे देण्यात आली होती. २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांनी 'मिसळपाव' सुरू केले, ते मोकळ्या-ढाकळ्या गप्पांचा पुरस्कार करत. त्याच वर्षी माहितीपर लेखनावर भर देणारे 'उपक्रम' सुरू झाले. २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' आले. प्रतिसादांना वाचकांनीच मार्मिक, माहितीपूर्ण, अवांतर, भडकाऊ अशा श्रेणी द्याव्यात, ही त्याची पद्धत होती.

सभासद कसे वागावेत, याबद्दल यातील प्रत्येक स्थळाची कल्पना वेगळी होती. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी घडली. सुरुवातीला आलेली माणसे काही वर्षांत 'जुनी' झाली. त्यांची स्वतःची परिभाषा तयार झाली. चर्चेचा 'धागा', खासगी निरोपाचा 'व्यनि', भेटीगाठींचे 'गटग', लिहिण्याचा हक्क काढून घेतलेला 'वाचनमात्र' सभासद, खोटे दुसरे नाव घेऊन वावरणारा 'डुआयडी' हे शब्द नेहमीच्या सभासदांच्या जिभेवर रुळले. नव्याने आलेल्याला मात्र ते कोणी समजावून सांगत नसे. त्यातूनच 'कंपूबाजी' हा आरोप जन्माला आला. नवागताच्या पहिल्या लेखावर चार जुन्यांनी आपसातले विनोद केले, की तो लेखक पुन्हा लिहीत नाही. मुद्दाम छळ करण्याचा हेतू त्यात नसतोही. पण नव्याला हेतू दिसत नाही, हसणे तेवढे दिसते.

तंत्रज्ञानानेही या भिंतीला हातभार लावला. त्या काळात संगणकावर देवनागरी उमटवायची, तर बहुतेकांना रोमन अक्षरांचा आधार घ्यावा लागे. ज्याचा हात इंग्रजी कळफलकावर बसलेला, त्यालाच मराठी लिहिणे सोपे जाई. साहजिकच पुणे-मुंबईतील आणि परदेशातील नोकरदार पुढे राहिले. जिंतूर किंवा सोनपेठच्या तरुणाला नेट कॅफेत ताशी पैसे मोजून हे शिकायचे होते. शिवाय घरी 'मी जायलो', 'काय करायलास', 'कामून' असे बोलणाऱ्याच्या लेखनात ही रूपे आली, तर ती बोली आहे की चूक, हे यंत्राला कळत नाही. अनेकदा माणसांनाही कळत नाही.

छापील साहित्याने हे अंतर पुष्कळ आधी कापले होते. बी. रघुनाथांसारखा कवी-कथाकार याच जिल्ह्याने दिला. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. छापील अंकाचा संपादक नव्या लेखकाला पत्र पाठवून दुरुस्ती सुचवत असे, आणि ती दोघांतच राहत असे. संकेतस्थळावर ही दुरुस्ती चारचौघांत, क्षणार्धात आणि बहुतेकदा टोपणनावाआडून होते. नवोदितावर होणारा परिणाम त्यामुळेच वेगळा असतो.

शिस्त का लागते?

असे असले, तरी जुन्यांची बाजू दुबळी नाही. जगातील सर्वच जाल-समूहांना हा अनुभव आलेला आहे. 'यूजनेट' या जुन्या चर्चाव्यवस्थेत दर सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश घेतलेले नवे विद्यार्थी येत. महिनाभर गोंधळ होई, मग जुने सभासद त्यांना रीतभात शिकवीत आणि घडी पुन्हा बसे. १९९३-९४ च्या सुमारास 'अमेरिका ऑनलाइन'सारख्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना तेथे प्रवेश दिला. मग नव्यांचा ओघ थांबेना आणि शिकवणारे अपुरे पडले. जुन्यांनी त्या काळाला 'कधीही न संपणारा सप्टेंबर' असे नाव दिले.

समूहाची ताकद नव्यांना सामावून घेण्याच्या वेगावर अवलंबून असते, हे त्यातून दिसते. त्यात काम करणारे हात थोडे असतात. सुमारे नव्वद टक्के लोक केवळ वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक टक्का बहुतांश मजकूर निर्माण करतो, असा ठोकताळा जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडला होता. या एका टक्क्यावरच स्वागताचा, दुरुस्तीचा आणि साफसफाईचाही भार पडतो. तेच तेच प्रश्न शंभरदा ऐकून त्यांचा स्वर तुटक होतो.

पुण्यात २०११ मध्ये घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानने तेथील काही महाविद्यालयांत प्रायोगिक शैक्षणिक कार्यक्रम राबवला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. शेकडो विद्यार्थी एकाच वेळी आले. त्यांच्यापैकी अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवला. प्रताधिकाराचा भंग झालेला हा मजकूर शोधून काढून टाकण्यात जगभरच्या जुन्या संपादकांचे कष्ट खर्ची पडले आणि वर्ष संपण्याच्या आत तो प्रयोग गुंडाळावा लागला. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी नेमलेल्यांपैकी अनेकांना स्वतःलाच संपादनाचा पुरेसा अनुभव नव्हता. नव्यांनी नव्यांना शिकवले आणि जुन्यांना आवरासावर करावी लागली. दोष कोणा एकाचा नव्हता. दोन्ही बाजूंची गाठ घालून देणारा दुवा नव्हता.

नियम कडक केले तर काय होते, याचेही उदाहरण विकिपीडियानेच दिले आहे. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत वाढली आणि त्यानंतर घसरू लागली. आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे कारण शोधण्यात आले. खोडसाळपणा रोखण्यासाठी केलेले नियम आणि यांत्रिक साधने चांगल्या हेतूने आलेल्या नवागतांनाही परतवून लावत होती, असा त्याचा निष्कर्ष होता. जे अंगण स्वच्छ ठेवण्यासाठी कुंपण घातले, तेथे यायलाच कोणी उरले नाही.

नियम योग्य, पण वाट कोणती?

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. आज त्यावर ९० हजारांहून अधिक लेख आहेत. सभासदांनी चर्चा करण्याच्या जागेला तेथे 'चावडी' म्हणतात, सरावाच्या पानाला 'धूळपाटी'. नावे घरगुती आहेत. मात्र चावडीवर बसायचे, तर तेथील रीत माहीत असावी लागते, ही गावातली गोष्ट येथेही खरी आहे.

गंगाखेडच्या एखाद्या महाविद्यालयीन तरुणीने आपल्या गावच्या जत्रेवर लिहायचे ठरवले, असे समजू. माहिती तिला आजीकडून मिळालेली आहे. लेख चढवताच 'संदर्भ हवा' अशी सूचना येते, आणि कदाचित पान काढून टाकण्याचा साचाही लागतो. नियम म्हणून हे बरोबर आहे. ऐकीव माहिती ज्ञानकोशात चालत नाही. पाथरी आणि शिर्डी यांच्यात जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून वाद पेटला आणि शिर्डीत बंद पाळला गेला. अशा तापलेल्या दिवसांत संदर्भाची अट नसेल, तर ज्ञानकोशाचा आखाडा व्हायला वेळ लागणार नाही.

तथापि, शहरातल्या एखाद्या नाट्यगृहावर वर्तमानपत्रांची कात्रणे, पुस्तके, आठवणी असे भरपूर छापील साहित्य असते. तालुक्याच्या गावातील जत्रेवर ते क्वचितच असते. एकच नियम दोघांना सारखा लावला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. राज्यातील असंख्य खेड्यांवरील लेख जनगणनेचे आकडे आणि हवामानाची ठरावीक वाक्ये यांपुरते उरले, यामागे हेही एक कारण आहे.

येथे जुन्याजाणत्यांचे काम सुरू होते. परभणी जिल्ह्याचे शासकीय गॅझेटियर उपलब्ध आहे. कृषी विद्यापीठाची प्रकाशने आहेत, स्थानिक दैनिकांचे जुने अंक आहेत. 'संदर्भ हवा' असा शेरा मारून निघून जाण्याऐवजी 'गॅझेटियरमध्ये तुमच्या तालुक्याचे प्रकरण पाहा' एवढे एक वाक्य कोणी लिहिले, तर तीच तरुणी पुढच्या दहा गावांवर लिहू शकेल. इंग्रजी विकिपीडियाने २०१२ मध्ये नवागतांच्या शंकांसाठी 'टीहाऊस' नावाचे स्वतंत्र दालन उघडले, ते याच विचाराने.

मोबाइल आला, दार बदलले

दरम्यानच्या काळात खेळाचे मैदानच बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट गावोगाव पोहोचले. परभणी, मानवत, सेलू, पूर्णा येथील लाखो हातांत एकदम मोबाइल आले. ही मंडळी 'मायबोली'वर किंवा 'मिसळपाव'वर फारशी गेली नाहीत. ती थेट व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर उतरली. तेथे शुद्धलेखन तपासणारा कोणी नव्हता, टोमणे मारणारे जुने सभासद नव्हते, आणि बोलून लिहिण्याची सोयही आली होती. बोलीला प्रथमच मोकळी जागा मिळाली, हा या बदलाचा मोठा लाभ मानावा लागेल.

मात्र जुने-नवे हा प्रश्न तेथेही सुटला नाही, त्याचे रूप पालटले. व्हॉट्सॲपच्या मूळ रचनेत गटात नव्याने आलेल्याला आधीची चर्चा दिसत नसे. त्यामुळे समूहाला स्मरणशक्तीच राहत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या गटांत दर हंगामात तेच प्रश्न येतात आणि जाणते शेतकरी कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, हे पुन्हा पुन्हा सांगतात. हे ज्ञान शोधता येईल असे कुठे साठत नाही. सांगणारा कंटाळून गट सोडतो, तेव्हा त्याच्यासोबत तेही जाते.

गटप्रमुखाच्या हाती अधिकार तरी किती? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात यावर निर्वाळा दिला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, 'ॲडमिन'ला जबाबदार धरता येत नाही, कारण सदस्य घेणे किंवा काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याने जे सांगितले, ते समाजशास्त्रीय दृष्टीनेही खरे आहे. समजावण्याचे साधन नाही, थेट हाकलण्याचे आहे. जुन्या संकेतस्थळांवर निदान समज देण्याची, चर्चा करण्याची आणि जुना धागा दाखवण्याची सोय होती.

कोणी काय करावे?

मराठीपुढे त्यामुळे दोन अपुरी घरे आहेत. एका घरात स्मरण आहे, शिस्त आहे, पण नव्यांची ये-जा कमी. दुसऱ्यात गर्दी आहे, बोलीचा मोकळेपणा आहे, पण साठवण नाही. दोघांना जोडण्याचे काम आपोआप होणार नाही.

राज्य मराठी विकास संस्था आणि अन्य संस्थांनी महाविद्यालयांतून विकिपीडिया कार्यशाळा घेतल्या आहेत. एका दिवसाच्या कार्यशाळेने खाती उघडतात, संपादक घडत नाहीत. पुण्याच्या प्रयोगाचा धडा लक्षात घेतला, तर थोडे विद्यार्थी, प्रत्येक गटामागे एक अनुभवी संपादक आणि किमान काही महिन्यांची सोबत, असा क्रम हवा. जिल्ह्यातील मराठीचे आणि इतिहासाचे प्राध्यापक, ग्रंथपाल आणि जुने पत्रकार संदर्भ पुरवू शकतात. संकेतस्थळांच्या चालकांनी आपली परिभाषा आणि रीतभात एका पानावर, सोप्या शब्दांत लिहून ठेवली, तरी निम्मे गैरसमज टळतील. बोलीतले लेखन आणि सदोष लेखन यांतला भेदही त्यांनी स्पष्ट करायला हवा.

नवागतांवरही जबाबदारी आहेच. आधी वाचावे, मग लिहावे, उतरवलेला मजकूर आपला म्हणून खपवू नये, आणि दुरुस्ती सुचवली म्हणून अपमान मानू नये. जुन्यांनी एवढे आठवावे, की कोणत्या तरी धाग्यावर त्यांचाही पहिला प्रतिसाद चुकलाच होता, आणि तो कोणी तरी सांभाळून घेतला म्हणूनच ते आज जुने आहेत.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्यांतील गावांची, पिकांची, उरुस-जत्रांची आणि बोलीची माहिती असलेली पिढी आज वयस्क आहे, आणि ती लिहून ठेवू शकणाऱ्या तरुणांच्या हाती मोबाइल आहे. या दोघांमधला वेळ थोडा आहे. त्या तरुणांचा पहिला लेख कोणत्या स्वरात परत पाठवला जातो, यावर त्यातले किती वाचेल हे अवलंबून राहील.