ढालकिड्याला मारू नका

आमच्या चवळीवर मावा पडला होता. पाने चिकट झाली, शेंडे आकसले. तिथेच नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या अळ्या दिसल्या. कीड समजून मी त्या चिरडल्या. गुरुजी म्हणाले, "अरे, ही तर ढालकिड्याची पिल्लं! मावा हेच त्यांचं खाणं." मला फार वाईट वाटले.

एक ढालकिडा दिवसाला माव्याचे ५० च्या आसपास किडे खातो. अळीही तशीच खादाड. औषध फवारले की दोघेही मरतात. मावा मात्र झटपट वाढतो, कारण त्याची मादी नराशिवायही पिल्ले देते. मग रान त्याचेच!

म्हणून पालकांनो, पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून बघा. ढालकिडे भरपूर असतील तर चार दिवस थांबा. आपला राखणदार आपणच मारायचा का?