भुकेने झालेला मधुमेह आणि भूक मारणारे इंजेक्शन

मधुमेह हा श्रीमंतांचा आजार आहे, असा गैरसमज आपल्याकडे वर्षानुवर्षे पोसला गेला. गादीवर बसून तूप-साखर खाणाऱ्याला साखर होते, उन्हातान्हात राबणाऱ्याला कशी होईल, असे गृहीत धरण्यात आले. हा समज किती खोटा आहे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पंधरा राज्यांतील पाहणीने २०१७ मध्येच दाखवून दिले. महाराष्ट्र, तामिळनाडू यांसारख्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागात श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्येच मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. याच परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये जो आकडा समोर आला, तो देशातील १० कोटी १० लाख मधुमेहींचा होता. हे सगळे गादीवर बसणारे आहेत काय?

आंबेडकरी समाजाला हा आजार परका नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. देशाची राज्यघटना लिहिली जात होती त्या काळात त्यांचे शरीर या आजाराशी झुंजत होते, त्यांना इन्शुलिनची इंजेक्शने घ्यावी लागत होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्या आयुष्यात आलेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. औषध, पथ्यपाणी, इंजेक्शन यांवर त्या नजर ठेवीत. औषधाइतकीच औषधावर नजर ठेवणारी जाणती व्यक्ती महत्त्वाची असते, हे यातून समाजाने शिकायचे आहे. आजचा आमचा मुद्दा हाच आहे.

हे लिहिण्यास कारण घडले ते पालीकडच्या एका वाचकाने सांगितलेल्या हकिकतीचे. राजगडाच्या पाली दरवाजाने खाली उतरले की हे पाली गाव लागते. पूर्वीचा वेल्हे, आताचा राजगड तालुका. डोंगराळ मुलूख, पावसाळ्यात भात, आणि उरलेले आठ महिने पोरांनी पोटासाठी पुण्याची वाट धरायची. हा वाचकही पुण्यात कंत्राटी कामगार आहे. त्याची आई साठीच्या घरातली, अंगाने काटकुळी, दहा-बारा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या घेणारी. कंपनीतल्या साहेबाने आठवड्याला पोटात एक पेन टोचून वजन आणि साखर दोन्ही उतरवल्याचे मुलाने पाहिले. आता देशी कंपन्यांची स्वस्त इंजेक्शने आली आहेत, हेही त्याच्या कानावर आले. एका औषध दुकानातून, डॉक्टरची चिठ्ठी न दाखवताच, त्याने आईसाठी पेन नेले. दुकानदाराने काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही.

घरात फ्रिज नाही. पेन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवले गेले. दुसऱ्या इंजेक्शननंतर आईचे जेवण तुटले. अर्धी भाकरीही जाईना, उलट्या सुरू झाल्या. साखरेच्या गोळ्या मात्र नेमाने चालूच होत्या. तिसऱ्या आठवड्यात पहाटे चुलीपाशी बसली असता घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. शुद्धीवर होती म्हणून घरच्यांनी साखरपाणी पाजले आणि जीपने दवाखान्यात नेले. ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी पेन बंद केले.

त्या मुलाने आम्हाला एकच विचारले, "साहेब, मी आईचं वाईट केलं का?" आमचे उत्तर आहे, नाही. साहेबाला लागू पडलेले औषध आपल्या आईलाही मिळावे, असे वाटणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो साहेबाला डॉक्टर, तपासणी आणि सल्ला यांच्यासह मिळणारे औषध कामगाराच्या आईला नुसत्या पैशावर देणाऱ्या व्यवस्थेचा.

हे औषध काय आहे ते आधी समजून घेतले पाहिजे. सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपाटाईड ही त्यांची नावे. मौंजारो, वेगोव्ही, ओझेम्पिक ही विदेशी कंपन्यांची बाजारातील नावे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये, वेगोव्ही जून २०२५ मध्ये आणि ओझेम्पिक डिसेंबर २०२५ मध्ये भारतात आले. आपण जेवलो की आतड्यांतून एक संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याची गती कमी करते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देते. ही औषधे त्या संप्रेरकाची नक्कल करतात. म्हणून साखर उतरते आणि भूकही मरते.

औषध म्हणून त्याची किंमत कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. सतरा हजारांहून अधिक हृदयरोगी, स्थूल लोकांवरील २०२३ च्या चाचणीत सेमाग्लुटाईडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून वीस टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या गटातील औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, तेही मधुमेहासोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि स्थूलपणा असलेल्या रुग्णांसाठी. म्हणजे औषध चांगले आहे, पण ते कोणासाठी, हे ठरलेले आहे. बाजाराला मात्र ही अट गैरसोयीची वाटते.

धोके काय आहेत? मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे. उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी गेले तर मूत्रपिंडावर ताण येतो. पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता कमी, पण आली तर जिवावर बेतते. उंदरांवरील प्रयोगांत थायरॉईडच्या गाठी आढळल्याने, घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग असलेल्यांना ही औषधे देत नाहीत. युरोपच्या औषध नियंत्रकांनी जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाईडमुळे डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाण्याचा अतिविरळ धोका मान्य केला. दहा हजारांत एखादा रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले. साखर झपाट्याने उतरली तर मधुमेहाने आधीच बिघडलेला डोळ्याचा पडदा आणखी बिघडू शकतो. गरोदरपणात ही औषधे घ्यायची नाहीत. टिर्झेपाटाईड घेणाऱ्या भगिनींच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ऑपरेशनपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनची माहिती देणे आवश्यक असते, कारण उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेले असू शकते. आणि औषध थांबवले की गेलेले वजन बहुतांशी परत येते. यातले किती दुकानदार सांगतो?

पण आमच्या समाजाच्या दृष्टीने सर्वात मोठा धोका वेगळाच आहे. आमचा मधुमेह बहुधा लठ्ठपणातून आलेला नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. बाळ हाडकुळे, स्नायू कमी, तरी चरबी मात्र टिकवून धरलेली. आईच्या पोटातच ज्याची उपासमार झाली, त्याचे शरीर पुढे मधुमेहाला सोपे भक्ष्य ठरते, हा त्याचा अर्थ. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला टाईप ५ असे स्वतंत्र नावच दिले. अशा रुग्णात इन्शुलिन मुळातच कमी बनते.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला उष्टे-शिळे आले, ज्यांना जमीन नाकारली, ज्यांच्या आयाबाया दुसऱ्याच्या बांधावर उपाशीपोटी राबल्या, त्यांच्या पोरांच्या रक्तात ही साखर कुठून आली, हे आता विज्ञानच सांगू लागले आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया आजही रक्तक्षयाने पीडित आहेत. अशा काटकुळ्या मधुमेही बाईला भूक मारणारे इंजेक्शन देणे म्हणजे काय? तिची आधीच कमी असलेली मांसपेशी आणखी झडते, ताटातली अर्धी भाकरीही जाते. सोबत ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो. पालीच्या त्या माउलीची लक्षणे हेच सांगतात. आणि पेन मिळाले म्हणून कोणी इन्शुलिन सोडून दिले, तर त्याहून वाईट. हे पेन इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे स्वादुपिंडच इन्शुलिन बनवत नाही, त्याने इन्शुलिन थांबवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे.

मग प्रश्न साठवणुकीचा. ही इंजेक्शने दुकानात दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. उघडल्यावर काही दिवस तीस अंशांपर्यंत चालतात, पण ते किती दिवस, हे प्रत्येक कंपनीच्या पेनप्रमाणे बदलते. नसरापूर फाट्यावरून मार्गासनीमार्गे डोंगरात जाणाऱ्या वाटेवर, एप्रिल-मेच्या उन्हात, पिशवीतल्या पेनचे काय होत असेल? जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाईडबाबत जगाला इशारा दिला. ब्राझील, इंग्लंड, अमेरिकेत असा माल सापडला होता. आमच्या राज्याला तर हा धडा जुना आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने चौदा रुग्णांचे बळी घेतले, लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने लहानगी मुले गेली, त्यांतली काही उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. औषध स्वस्त झाल्याचा आनंद जरूर मानावा, पण तपासणीत स्वस्ताई नको.

कायदे नाहीत असे नाही. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९५४ च्या औषधे व जादुटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि स्थूलपणा दोन्ही आहेत. म्हणजे हे आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे बेकायदा आहे. तरीही शहरांत 'वजन घटवा' म्हणणाऱ्यांची गर्दी आहे. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे या औषधांच्या सर्रास वापराविरुद्ध याचिका आली, तेव्हा न्यायालयाने औषध महानियंत्रकांना तज्ज्ञ आणि कंपन्यांशी बोलून तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले. नागरिकाने न्यायालयात जायचे आणि मग शासनाने जागे व्हायचे, ही रीत आम्हाला मान्य नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे.

आता एक योगायोग पाहा. भारतातील सेमाग्लुटाईडच्या पेटंटची मुदत २० मार्च २०२६ रोजी संपली. २० मार्च हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. भोरवरून वरंधा घाट उतरला की तेच महाड. वेगोव्ही आले तेव्हा सर्वात कमी मात्रेचाही महिन्याचा खर्च सतरा हजारांवर होता. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे पन्नासहून अधिक दिवसांची मजुरी एका महिन्याच्या औषधात. पेटंट संपल्याने ही भिंत पडू लागली, याचे आम्ही स्वागत करतो. पण १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करण्यासाठी. औषधाचेही तसेच आहे. नुसती बाटली गरिबाच्या हाती देणे म्हणजे समता नव्हे. श्रीमंताला जी तपासणी, जो सल्ला, जी देखरेख मिळते, ती गरिबाला मिळाली तरच समता.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शने विकणाऱ्या दुकानांवर कारवाई करावी आणि स्वस्त मालाचे नमुने नियमित तपासावेत. प्रत्येक पेनसोबत मराठीत, मोठ्या अक्षरांत माहितीपत्रक असावे. ज्या मधुमेही रुग्णाला हे औषध खरोखर लागते, त्याला ते सरकारी रुग्णालयातून, तपासणीसह, मोफत मिळावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्शुलिन कायम उपलब्ध असावे. आणि काटकुळ्या मधुमेहींची वेगळी नोंद व्हावी, त्यांना लठ्ठ रुग्णांच्या रांगेत उभे करू नये.

समाजबांधवांनाही आमचे सांगणे आहे. दुसऱ्याला लागू पडले म्हणून औषध घेऊ नका. चालू गोळ्या आणि इन्शुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. पेन सुरू केले असेल तर त्याच डॉक्टरांकडून जुन्या गोळ्यांचे प्रमाण तपासून घ्या. पोटात असह्य कळ आली, उलट्या थांबेनात, अचानक दिसेनासे झाले, तर थांबू नका, रुग्णालय गाठा. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या केंद्र शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर कळवा, कारण नोंदच झाली नाही तर आमचे दुःख आकड्यांतही येत नाही. १४ एप्रिलला मिरवणुकीवर जेवढा खर्च करतो, त्यातला थोडा भाग विहारात साखर आणि रक्तदाब तपासणीसाठी ठेवा. कोणतीही गोष्ट ऐकीव म्हणून स्वीकारू नका, तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण औषधालाही लागू आहे.

पालीची ती माउली आज पुन्हा भाकरी खाते आहे. पुढच्या माउलीला चुलीपाशी कोसळावे लागू नये, एवढी जबाबदारी तरी शासन घेणार आहे काय? उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा ते मागून घेणे, हा आंबेडकरी माणसाचा स्वभाव आहे.