ज्याची चिठ्ठी, त्याचा मसाला

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे साडेपाच. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात सगळे बॅगा भरत होते आणि मी एसीत बसून घामाघूम! दर महिन्याला एका क्लायंटच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची फाइल बँकेसाठी काढायची, हे माझं काम. कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला छोटासा प्रोग्राम. चालवला की फाइल तयार. त्या दिवशी चालवला, तर एररची ही लांबलचक यादी.

गुन्हेगार कोण? अस्मादिक. दुपारीच नव्या प्रोजेक्टसाठी मी नोडची ताजी आवृत्ती टाकली होती, जुनी काढून. नोड हा रनटाइम, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारा. पगाराच्या प्रोग्राममधली एक लायब्ररी जुन्या नोडसाठी कंपाइल केलेली. नव्याने तिला ओळखच दाखवली नाही. बरं, जुनी आवृत्ती नेमकी कुठली? ते कुठेच लिहिलेलं नाही! लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अंदाज बांधत, एकेक टाकून बघत शेवटी 16 वर गाडी सुरू झाली, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

पगार एक दिवस उशिरा झाला. एका दिवसाने काय होतं, असं मलाही वाटलं. मग क्लायंटकडच्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. आवाज अजिबात न चढवता त्या म्हणाल्या, ''दोघांचे घराचे हप्ते बाउन्स झालेत.'' सॉरी म्हणताना जीभ जड झाली.

त्या रविवारी आईबरोबर लालबागच्या मसाला गल्लीत गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, ''मावशी, चिठ्ठी?'' आईने पर्समधून चुरगळलेला कागद काढला. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती. शेजारच्या काकूंची चिठ्ठी वेगळी. गल्ली एक, डंक तेच, पण मालवणी मसाला आगरी मसाल्यात मिसळत नाही. मला एकदम क्लिक झालं. माझ्या कॉम्प्युटरला हेच हवं होतं!

आणि ते आहे. नोडसाठी एनव्हीएम, पायथनसाठी पायएन्व्ह, जावासाठी एसडीकेमॅन. यांचं काम अगदी साधं. प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरमध्ये सुखाने राहते. तुम्ही 'नोड' असं टाइप केलंत की कॉम्प्युटर 'पाथ' नावाच्या यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतो आणि जो नोड आधी सापडेल तो चालवतो. एनव्हीएम हव्या त्या आवृत्तीचा फोल्डर या यादीत सर्वांत पुढे आणून ठेवतो. बस्स!

आणि चिठ्ठी? प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट एनव्हीएमआरसी' नावाची फाइल, तिच्यात एकच ओळ: 16. मग 'एनव्हीएम यूज' म्हटलं की तो ती वाचतो. पायएन्व्ह 'डॉट पायथन-व्हर्जन' ही फाइल न सांगताच वाचतो.

मात्र जुनी आवृत्ती जन्मभर सांभाळायची नसते. नोड 16 चा सपोर्ट 11 सप्टेंबर 2023 ला संपला. त्यानंतर त्यात सापडलेली भोकं बुजवायला अधिकृतपणे कुणी येत नाही. पायथन 3 आला डिसेंबर 2008 मध्ये, पण पायथन 2 ला निरोप मिळाला 1 जानेवारी 2020 ला. ती अकरा वर्षं कितीतरी प्रोग्रामरांनी दोघांना एकाच मशीनवर नांदवलं. ही सोय सवड मिळवण्यासाठी आहे, कायमचं बिऱ्हाड थाटायला नाही. मीही पगाराचा प्रोग्राम आधी नीट तपासून मगच नव्या नोडवर नेला आणि चिठ्ठीतला आकडा बदलला.

परतताना आईला म्हटलं, ''आजीची चिठ्ठी कुठेय गं?''

''अगं, त्यांनी कधी लिहिलीच नाही. सगळं हाताच्या अंदाजाने. तो मसाला त्यांच्याबरोबरच गेला.''

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की नवीन काही टाकण्याआधी पाच मिनिटं काढा. आपले प्रोजेक्ट कुठल्या आवृत्तीवर चालतात ते बघा आणि ज्याचा आकडा त्याच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवा. उद्या तुम्ही नोकरी बदलाल, पण महिनाअखेर कुणाचा तरी पगार व्हायचाच असेल!