आधी सूत, मग डोळा

"चित्र काढतो आहेस की जमिनीची मोजणी करतो आहेस?" परवा एका मित्राने माझ्या पडद्याकडे पाहून विचारले. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेचे काम मी इंकस्केपवर करीत होतो, आणि कोऱ्या पानावर एकही शब्द येण्याआधी निळ्या रेषांचे जाळे पसरले होते. कलावंताने अशा रेषांचा आधार घ्यावा, हे त्याला कमीपणाचे वाटले. असे वाटणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

या रेषा आखणे अगदी सोपे आहे. पानाच्या वरच्या मोजपट्टीवर माऊसचे बटण दाबून खाली ओढले की आडवी रेषा मिळते. डावीकडच्या मोजपट्टीवरून ओढले की उभी. रेषेवर दोनदा क्लिक केले की तिची नेमकी जागा आकड्यांत लिहिता येते. जवळ आणलेली आकृती रेषेला आपोआप चिकटावी अशीही सोय आहे. छापताना मात्र या रेषा उमटत नाहीत.

मला यात नवे काही वाटले नाही. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. खडूच्या भुकटीत घोळवलेल्या सुताचे एक टोक ते माझ्या हाती देत, दुसरे स्वतः ताणून धरीत आणि सूत किंचित उचलून सोडीत. पाटीवर सरळ रेघ उमटे. रंग वाळला की ती फडक्याने पुसली जाई. "सूत न मारता लिहिणारा पेंटर एक तर फार मोठा असतो, नाही तर फार घाईत असतो," असे ते म्हणत.

गेल्या वर्षी मी घाईत होतो. बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रे नजरेच्या अंदाजाने केली. सह्यांसाठी तीन रेघा होत्या. त्यांतली मधली दोन मिलिमीटर वर राहिली. दीडशे प्रती छापून आल्यावर ते ध्यानात आले. बक्षीस घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माझी ती चूक आता चौकटीत लागली आहे!

पण काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. यंत्राने जुळवून दिले म्हणजे जुळले, असे ते धरून चालतात. हेही मला पटत नाही. यंत्र अक्षर पाहत नाही, अक्षराभोवतीची अदृश्य चौकट पाहते. 'गीत' आणि 'नाच' हे शब्द शेजारी ठेवून वरच्या कडा जुळवायला सांगा. 'गीत'ची वेलांटी जिथे संपते, तिथे 'नाच'ची शिरोरेघ जाऊन बसते आणि दोन्ही शब्द एकमेकांशी भांडल्यासारखे दिसतात. आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली असतात, हे यंत्राला कोण सांगणार? तिथे आपणच शिरोरेघेच्या जागी एक आडवी रेषा आखावी आणि दोन्ही शब्द तिला टांगावेत.

दुसरा अनुभव चित्रपट मंडळाच्या फलकाचा. वर्तुळात उजवीकडे टोक असलेला त्रिकोण हवा होता. मी तो यंत्राकडून बरोबर मध्यभागी बसवून घेतला. बाबांनी खोलीच्या दारातूनच पाहिले आणि म्हणाले, "त्रिकोण डावीकडे सरकलाय रे!" मोजले तर यंत्र बरोबर होते, पण बाबाही बरोबर होते. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश अंतरावर असतो, अर्ध्यावर नव्हे. माझा त्रिकोण पायापासून टोकापर्यंत 60 मिलिमीटर होता. म्हणजे वजनाचा मध्य 10 मिलिमीटर डावीकडे पडला होता. मी तेवढ्या अंतरावर उजवीकडे नवी उभी रेषा आखली, त्रिकोण सरकवला आणि तो स्थिरावला.

फ्लेक्स आल्यावर बाबांचा ब्रश थांबला. पाटी पुरी झाली की रस्ता ओलांडून पलीकडून ती पाहण्याची त्यांची सवय मात्र मी उचलली आहे. काम संपले की सर्व रेषा लपवतो, एक प्रत छापून भिंतीला लावतो आणि दहा पावले मागे जातो. संगणकावर चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच तासाला या दोन्ही गोष्टी करायला लावाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मित्राला उत्तर द्यायचे राहिलेच. होय, मी मोजणी करतो आहे. ती झाली की चित्र काढीन.