महिन्याचा सिनेमा : या खेपेला मत आत्यांचे



आमच्याकडे रविवारची जेवणे आटोपली की एक सिनेमा होतो. थोरली मोबाईल टीव्हीला जोडून देते. सिनेमा संपला की वही निघते आणि प्रत्येकजण दहापैकी गुण सांगतो. महिनाअखेरीस बेरीज करून त्या महिन्याचा एक सिनेमा ठरतो. आजवर यावरून कधी भांडण झाले नाही. या महिन्यात मात्र बेरीज एक सांगत होती आणि घर दुसरेच.

पहिला पाहिला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२). नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर तो आधारलेला आहे आणि मास्तर झालेत अमिताभ बच्चन. पोरे इतकी खरी की धाकटा म्हणाला, “ही आपल्याच गल्लीतली आहेत.” जयंतीचा प्रसंग आला तेव्हा सगळे सावरून बसले. एवढा मोठा हिंदी नट बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभा राहिलेला आम्ही याआधी पाहिला नव्हता. पण सिनेमा जवळजवळ तीन तासांचा, ह्यांना मध्येच डुलकी लागली. सात गुण.

नंतर त्यांचाच ‘फँड्री’ (२०१३). आधी पाहिलेला, पण मुले लहान होती तेव्हा. शाळेजवळ जब्याचे सगळे घर डुकराच्या मागे धावते आणि गाव हसत बघते, तिथे थोरलीने मान खाली घातली. मेलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई दिसतात. बोलणे काहीच नाही आणि सगळे बोलून झालेले. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या अंगावर. धाकट्याने विचारले, “आपल्याला का मारला?” हे म्हणाले, “मग? आपण बघतच बसलो होतो की.” जब्याचे घर कैकाडी समाजाचे. अशा हसणाऱ्या गर्दीत आपल्यातले कुणी कधीच नसते, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का? साडेआठ.

तिसरा ‘जय भीम’ (२०२१), मूळ तमिळ, आम्ही हिंदीत पाहिला. १९९३ सालच्या खऱ्या खटल्यावरचा. पोलीस कोठडीतला मार बघवत नाही. तेवढा वेळ धाकट्याला बाहेर पाठवले, तुम्हीही लहानांना पाठवा. सूर्या वकील छान झाला आहे, पण मला विचाराल तर सिनेमा सेंगेनीचा. पोटुशी बाई मुलीचा हात धरून रस्त्याने चालली आहे, आणि पोलिसांची गाडी तिने बसावे म्हणून मागे मागे येते आहे. ती वळूनसुद्धा बघत नाही! तिथे आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. साडेनऊ. महिन्याचा सिनेमा हाच, असे मुलांनी त्याच रात्री जाहीर करून टाकले.

शेवटच्या रविवारी लागला ‘कोर्ट’ (२०१४), चैतन्य ताम्हाणे यांचा. गटारात काम करणारा एक कामगार मरतो, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळेच त्याने जीव दिला असा खटला उभा राहतो. शाहीर झालेत नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. सिनेमा संथ आहे. तारखा पडत राहतात, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात. धाकटा झोपला.

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, सिनेमाला बसतात पण गुण देत नाहीत. “मला काय कळतंय त्यातलं” हे ठरलेले. त्या दिवशी मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देऊ लागली. आत उतरण्याआधी तो खडा टाकून झुरळे निघतात का बघायचा, वासामुळे दारू पिऊन उतरायचा, एक डोळा गेला होता, असे ती सांगत होती. आवाज चढत नव्हता, रडू नव्हते. आत्या उठून टीव्हीजवळ जाऊन बसल्या.

आमचे थोरले भाऊजी ड्रेनेजच्या कामाला होते, ठेकेदाराकडे. म्हणजे कागदावर ते कुणाचेच नव्हते. पिऊन घरी यायचे आणि आत्या त्यांना दारातच शिव्या घालायच्या. शेचाळिसाव्या वर्षी खोकून खोकून गेले. गटारात गेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कुणाच्या घरी असे झाले असेल तर हे निकाल माहीत असू द्या. भाऊजी घरात गेले, त्यामुळे ते कुठल्याच यादीत बसले नाहीत.

सिनेमा संपल्यावर आत्या म्हणाल्या, “ते बाईचं परत लाव.” थोरलीने लावले. मग हळूच म्हणाल्या, “वासानं प्यायचा व्हय गं तो? मी मेली त्यालाच बोलत ऱ्हायले.” कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “त्या बाईनं वकिलाकडं काम मागितलं. मिळालं का तिला?” सिनेमात ते दाखवलेले नाही.

वही निघाली तेव्हा आत्यांनी दोन्ही हातांची सगळी बोटे उघडून दाखवली. तरीही बेरजेत ‘जय भीम’च पुढे. मी म्हटले, या महिन्याचा ‘कोर्ट’. थोरली चिडली, “मग बेरीज करायचीच कशाला? आणि आपली माणसं जिंकतात तो सिनेमा का नाही?” तिचे चूक नाही. जिंकलेले बघायची भूक मलाही आहे. पण वही माझ्या हातात होती, आणि मी ‘कोर्ट’ लिहिले. तिने खाली बारीक अक्षरात ‘अमान्य’ लिहून सही केली आहे.

पुढच्या महिन्यात आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ (१९५४) आणि परवाचा हिंदी ‘फुले’ (२०२५) असे दोन्ही लागोपाठ बघायचे ठरले आहे. आत्यांना जुना आधी हवा आहे.