उतरत्या मात्रेचा हिशेब

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2016 साली अफूवर्गीय वेदनाशामकांविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेत, दिवसाकाठी 90 मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी वा त्याहून अधिक मात्रा शक्यतो टाळावी, असा सल्ला होता. परंतु विमा कंपन्यांनी आणि कित्येक राज्यांच्या कारभाऱ्यांनी त्यालाच हुकमाचे स्वरूप दिले, आणि वर्षानुवर्षे याच गोळ्यांच्या आधारे उठणाऱ्या-बसणाऱ्या अनेक जीर्णवेदनाग्रस्तांचे औषध एकाएकी तोडले गेले. अशा आकस्मिक बंदीने असह्य वेदनाच नव्हे, तर आत्महत्याही ओढवतात, असा इशारा तेथील औषध प्रशासनाला 2019 मध्ये द्यावा लागला. 2022 च्या सुधारित मार्गदर्शिकेने, वर्षभर वा अधिक काळ औषध घेणाऱ्यांची मात्रा कमी करायचीच झाल्यास ती महिन्याला दशांशाने किंवा त्याहूनही सावकाश उतरवावी, असे सुचविले.

मात्रा अशी उतरविण्याचे वेळापत्रक आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे मी मनापासून स्वागत करतो, कारण हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. रोज 120 मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्याचा दशांश म्हणजे 12. पण सावकाश विरघळणारी गोळी अमेरिकेत 15, 30, 60 अशा ठरावीक मापांतच मिळते, आणि ती मोडून घेणे धोक्याचे असते. म्हणून सकाळी 60 आणि रात्री 45, अशी तजवीज करावी लागते. पुढे मात्रा 30 वर आली की तीच 15 ची पायरी एकदम निम्मे औषध काढून घेते, आणि नेमक्या याच टप्प्यावर, जिथे रुग्णाला सर्वाधिक सावधपणे उतरवायला हवे, तिथे ठरावीक गणित अपुरे पडते. मॉर्फिनशी तुलना करण्याची कोष्टकेही स्थिर नाहीत: 200 मिलिग्रॅम ट्रामाडॉल 2016 च्या कोष्टकात 20 मिलिग्रॅम मॉर्फिनइतके होते, 2022 च्या कोष्टकात ते 40 झाले. रुग्णाने एक गोळीही वाढवली नव्हती.

म्हणून माझा आग्रह असा की, पुढची कपात सुचविण्यापूर्वी या साधनाने झोप कशी लागते, जिना चढवतो का, मन खचले आहे का, हे विचारावे. थांबण्याची, प्रसंगी मागील मात्रेवर परतण्याचीही मुभा पहिल्याच पडद्यावर ठेवावी. आणि मात्रा कायम राखणाऱ्या डॉक्टरकडून दप्तरी कारण मागायचे असेल, तर रुग्णाच्या संमतीवाचून ती उतरविणाऱ्याकडूनही ते तितक्याच काटेकोरपणे मागावे.